एका बाटलीवर शंभर ट्रॉल्या

शहराचा मैला शेतात जायला माझी हरकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर तोंड उघडलं की समोरचे साहेब लगेच विचारतात, ‘म्हणजे तुम्ही पुनर्वापराच्या विरोधात?’ मी पुनर्वापराच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली चाललेली लबाडी मला सहन होत नाही. मैलाशुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या गाळात नत्र आहे, स्फुरद आहे, जमिनीला हवा असलेला सेंद्रिय कर्ब आहे. आपण स्फुरदाचा दगड बहुतांश परदेशातून आणतो, पालाश जवळजवळ सगळा आणतो, आणि लाखो माणसांच्या पोटातून गेलेलं तेच स्फुरद नदीत सोडून देतो. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचा प्रचार केला, तोही स्वतः हातात फावडं घेऊन. तो माणूस द्रष्टा होता. पण अप्पांच्या खड्ड्यात जे पडत होतं ते माणसाच्या पोटातून पडत होतं. शहराच्या गटारात मुलामा देणाऱ्या कारखान्याचं धुवण पडतं, बॅटऱ्या फोडणाऱ्याचं आम्ल पडतं, रंगाऱ्याचा डबा पडतो, दवाखान्याचं पाणी पडतं. अप्पांचं नाव घेऊन हे खपवू नका.

यावर ठरलेलं उत्तर आहे: ‘आम्ही चाचणी केली आहे.’ अहवाल समोर सरकवला जातो. वर चकचकीत लोगो, खाली गोल शिक्का, मध्ये एक तक्ता, आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ओळीने ‘मर्यादेत, मर्यादेत, मर्यादेत’. साहेबांना तेवढंच वाचता येतं. आपण जरा खालची बारीक अक्षरं वाचू. प्रयोगशाळा तिथे स्पष्ट लिहिते की हा निकाल फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. ही ओळ प्रामाणिक आहे. अख्ख्या कागदावर सगळ्यात प्रामाणिक तीच आहे. प्रयोगशाळा सांगते की तुम्ही एक बाटली आणलीत, मी एका बाटलीबद्दल बोलते. आणि पालिका त्या एका बाटलीवर वर्षभराच्या शेकडो ट्रॉल्या हाकते.

बाटली भरली कोणी? ठेकेदाराच्या माणसाने. कुठून भरली? कडेच्या वाळवणातून, जिथे पाय बुडत नाही तिथून. किती खोलीवरून? वरून. कोणत्या दिवशी? त्याला वेळ होता त्या दिवशी. ज्याचं बिल अहवालावर निघणार त्यानेच नमुना उचलायचा, ही पद्धत ज्याने घातली त्याला प्रमाणशास्त्र शिकवायला बसू नये. त्याला ते चांगलं कळतं. शितावरून भाताची परीक्षा करतात, शास्त्री त्याला स्थालीपुलाकन्याय म्हणतात, आणि तो न्याय भातालाच लागतो. भात एका पातेल्यात, एका पाण्यात, एका आचेवर शिजतो. गाळ तसा शिजत नाही. पावसाळ्यात रस्त्याची माती गटारात येते आणि गाळ पातळ, वाळूमिश्रित होतो. उन्हाळ्यात तोच घट्ट होतो. रात्री कोणी टाकी रिकामी केली तर त्या आठवड्याचा गाळ वेगळाच असतो. म्हणून खरा नमुना म्हणजे अनेक वाळवणांतून, वेगवेगळ्या खोलीवरून, वेगवेगळ्या दिवशी घेतलेला गाळ; तो एकत्र कालवायचा, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा कालवायचा, आणि मग उरेल ते बाटलीत. याला लागतं काय? एक ताडपत्री, एक फावडं, आणि ज्याचा या बिलाशी संबंध नाही असा एक माणूस. पालिकेला ताडपत्री आणि फावडं मिळतं.

अमेरिकेचा १९९३ चा नियम या बाबतीत निदान सरळ आहे: केंद्र जितका जास्त गाळ काढेल तितक्या जास्त वेळा तपासायचा. वर्षाला २९० टनांच्या आत असेल तर एकदा, मग तिमाही, मग वर्षात सहा वेळा, आणि १५,००० टनांच्या वर गेला की दर महिन्याला. तेही सगळं कोरड्या वजनावर. आपले सल्लागार अमेरिकेचा आकडा उचलतात, अमेरिकेचं वेळापत्रक उचलत नाहीत. त्या आकड्यांकडे येतोच.

आधी ‘कोरडं वजन’ या दोन शब्दांपाशी थांबा, कारण सगळ्यात सोपी चोरी इथे होते. सेंट्रिफ्यूजमधून निघालेल्या लगद्यात शंभरातले साधारण ऐंशी भाग पाणी असतं. समजा त्याच्या कोरड्या मालात किलोमागे १२ मिलिग्रॅम कॅडमियम आहे. ओला लगदा तसाच तोलून हिशेब मांडला की आकडा येतो २.४. आपल्या खत नियंत्रण आदेशातली शहरी कंपोस्टची मर्यादा आहे ५. पास! गाळ तोच, विष तेच, फक्त त्यात पाणी होतं. पुढे शेतात पाणी उडून जातं आणि बाराचे बारा मिलिग्रॅम मागे राहतात. म्हणून १०५ अंशांवर वाळवून ओलावा मोजायचा आणि प्रत्येक धातूचा आकडा कोरड्या वजनावर लिहायचा, हा या तपासणीतला पहिला धडा आहे. मी वाचलेल्या अहवालांत कितीतरी असे होते की आकडा ओल्यावर आहे की कोरड्यावर, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नाही याचा अर्थ विचारलेलंही नाही. त्या कागदावर सही करणाऱ्या अभियंत्याला तो प्रश्न पडला नाही, की पडला आणि त्याने गिळला? दोन्हींपैकी काहीही असो, त्याने त्या खुर्चीत बसू नये.

पाऱ्याची गोष्ट तर आणखी निर्लज्ज आहे. कंपोस्टसाठी पाऱ्याची मर्यादा आहे किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम. अहवालात पाऱ्यापुढे लिहिलेलं असतं ‘आढळला नाही’. मग शोधा की यंत्राला कमीत कमी किती पारा दिसतो. यंत्राला किलोमागे १ मिलिग्रॅमच्या खालचं दिसतच नसेल, तर मर्यादेच्या सहापट पारा असला तरी तो ‘आढळणार नाही’. आंधळ्याने साक्ष द्यायची आणि न्यायाधीशाने ती मान्य करायची! पारा उडून जाणारा धातू आहे. त्याचा नमुना गरम करून वाळवला तर तो भट्टीतच निघून जातो. त्याच्यासाठी वेगळं पचन, वेगळी थंड वाफेची पद्धत लागते. शिसं, जस्त, तांबं एका यंत्रावर मोजून त्याच रांगेत पाराही मोजला असं कोणी सांगत असेल, तर त्याला पद्धतीचा क्रमांक विचारा. क्रमांक नसेल तर अहवाल परत करा. पैसेही परत मागा.

रोगजंतूंच्या रकान्यात तर एकच शब्द असतो: ‘निरंक’. आपल्या आदेशातच शहरी कंपोस्टला रोगजंतू शून्य हवेत असं लिहून ठेवलं आहे. कोणते रोगजंतू? किती ग्रॅममध्ये शून्य? मैल्याच्या गाळात रोगजंतू निरंक आहेत हे वाक्य जो लिहितो त्याने एकतर मैला पाहिलेला नाही किंवा जंतू. जगभर मोजतात ते नेमक्या गोष्टी मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत कोरड्या घन पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये ई-कोलाय १,००० च्या आत आणि जंताचं अंडं एकाहून कमी, असं स्पष्ट लिहिलं आहे. जंताची अंडी मी मुद्दाम काढतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणी मोजत नाही. गोलकृमीचं अंडं मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतं. उन्हात चार दिवस पसरलेल्या गाळात जीवाणू कमी होतील. हे अंडं तसंच राहील आणि अनवाणी शेतात खेळणाऱ्या पोराच्या नखाखाली जाईल. ते मारायचं असेल तर उष्णता हवी: उघड्या ढिगात ५५ अंश, १५ दिवस, आणि त्या काळात पाच वेळा ढीग उलटायचा. ढिगाच्या तापमानाची रोजची नोंदवही जिथे नाही तिथे कंपोस्ट झालेलं नाही. तिथे गाळ नुसता पडून राहिलेला आहे.

आता मर्यादांचे आकडे. इथे आमच्या तज्ज्ञांची विद्वत्ता बहराला येते. गाळाला लावली जाते ती आपली मोजपट्टी मुळात शहरी कचऱ्याच्या कंपोस्टची: कॅडमियम ५, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, तांबं ३००, जस्त १,०००, पारा ०.१५. गाळ या मोजपट्टीत बसला की अहवालात ‘भारतीय मानकांनुसार’. नाही बसला की ‘अमेरिकन मानकांनुसार’. अमेरिकेत उत्तम प्रतीच्या गाळाला कॅडमियम ३९ पर्यंत चालतं, शिसं ३००, जस्त २,८००, पारा १७. आपल्या पाऱ्याच्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त! आणि क्रोमियमला तर तिथे मर्यादाच नाही, कारण चामडं उद्योगाच्या संघटनेने न्यायालयात दावा लावल्यानंतर ती नियमातून गेली. म्हणजे परीक्षेत नापास झाला की दुसऱ्या शाळेचा पेपर लावायचा, आणि तीही शाळा अशी निवडायची की ज्या विषयात मुलगा कच्चा आहे तो विषयच तिथे नाही. मोजपट्टी गाळ पाहून निवडायची असेल तर गाळ मोजताच कशाला?

शिवाय ज्या अमेरिकेचा दाखला देता तिथे त्या नियमाचं काय झालं तेही सांगा. क्रोमियम गेल्यावर त्या नियमात फक्त नऊ धातू उरले. २०१८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेच्याच महानिरीक्षकाने अहवाल देऊन सांगितलं की गाळात सापडलेल्या ३५२ प्रदूषकांबद्दल ते सुरक्षित आहेत की नाहीत हे ठरवण्याइतकी माहिती संस्थेकडे नाही. पंचवीस वर्षं गाळ पसरून झाल्यावर! मेन राज्यात गाळ टाकलेल्या शेतांत पीएफएएस नावाची न विघटणारी रसायनं सापडली, दुधात सापडली, विहिरीत सापडली. गाईंचे गोठे बंद झाले. २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकणंच बंद केलं. स्वित्झर्लंडने त्याच्या कितीतरी आधी, २००३ पासून, शेतातला गाळ थांबवायला घेतला. मी स्वित्झर्लंडची नक्कल करा म्हणत नाही. पण ज्या नियमपुस्तकावर त्याच्याच घरात प्रश्नचिन्ह आहे, ते इथे वेदवाक्यासारखं नाचवणाऱ्यांची मला कीव येत नाही, चीड येते.

तंत्रज्ञानाची पूजा करणारे दुसरे आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने गाळ गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची पद्धत बसवली. बडोद्याला १९९० च्या दशकापासून पातळ गाळावर, आणि अहमदाबादला २०१९ मध्ये सुक्या गाळावर रोजच्या १०० टनांची यंत्रणा. काम चांगलं आहे, मुंबईच्या शास्त्रज्ञांचा मला त्याबद्दल आदर आहे. कोबाल्ट-६० च्या किरणांनी जंतू मरतात, हे खरं. पण शिशाचा अणू मरत नाही. कॅडमियमला किरण लागले काय आणि ऊन लागलं काय, ते तेवढंच राहतं. तरी ‘किरणोत्सारी प्रक्रियेने शुद्ध’ असं सांगून धातूंचा प्रश्न मिटल्याचा आव आणणारी भाषणं मी ऐकली आहेत. शास्त्रज्ञांनी जे म्हटलं नाही ते भाषण ठोकणाऱ्यांनी म्हटलं. जंतू हा एक प्रश्न, धातू हा दुसरा. एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही.

धातूंचं औषध एकच आहे: ते गटारात येऊ न देणं. गाळातून धातू काढायचे तर खतापेक्षा खर्च जास्त होतो, म्हणून कोणी काढत नाही. कानपूरच्या जाजमऊला काय झालं ते आपल्या प्रत्येक पालिकेने भिंतीवर लावावं. गंगा कृती योजनेत तिथे १९९४ मध्ये रोजच्या ३६ दशलक्ष लिटरचं केंद्र उभं राहिलं: ९ भाग चामडं कमावणाऱ्या कारखान्यांचं पाणी, २७ भाग शहराचा मैला. एकास तीन मिसळा, पातळ होईल, ही त्यामागची हुशारी. पाणी पातळ झालं, क्रोमियम मात्र गाळात जाऊन बसलं, आणि बाहेर पडलेल्या पाण्यावर आसपासच्या गावांनी शेती भिजवली. तिथल्या शेतकऱ्यांनी कातडीच्या रोगांच्या तक्रारी केल्या, पिकांच्या केल्या. चांगल्या खताच्या तीन बादल्यांत विषाची एक बादली ओतून चारही बादल्या नासवल्या, आणि त्याला अभियांत्रिकी म्हटलं!

आपल्याकडे भोसरीत नाही मुलामे देत? अंबरनाथला नाही रसायनं करत? औद्योगिक वसाहतीबाहेर, वस्तीतल्या गाळ्यांत, किती जण जस्ताचं आणि निकेलचं धुवण सरळ मोरीत सोडतात ते तिथल्या प्रत्येक प्लंबरला माहीत आहे. पालिकेला माहीत नाही. गाळाची चाचणी खरं तर यासाठी असते. केंद्रावर निकेल वाढलं की उलट्या दिशेने चालायचं, मुख्य वाहिनीच्या चेंबरमधून नमुने घ्यायचे, जिथे आकडा उडी मारतो तिथून गल्लीत शिरायचं, आणि दार ठोठवायचं. चार-पाच चेंबरांत गुन्हेगार सापडतो. ही चाचणी चोर पकडायला आहे, आणि आपण ती चोराला चारित्र्याचा दाखला द्यायला वापरतो.

आणि शेतकरी? त्याच्या बांधावर ट्रॉली येते, ‘फुकट आहे, पालिकेचं आहे, भारी खत आहे’. हातात कागद? नाही. अहवाल वर जातो, प्रदूषण मंडळाकडे जातो, निधी देणाऱ्याकडे जातो. ज्याच्या सातबाऱ्यावर तो गाळ कायमचा चढणार त्याच्याकडे जात नाही. त्याने स्वतः माती तपासली तर? मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. त्यात कॅडमियम नाही, शिसं नाही, पारा नाही, निकेल नाही. उलट गाळातलं जस्त आणि तांबं त्या पत्रिकेत ‘भरपूर’ म्हणून उमटतं. शेतकरी खूश होतो. त्याला फसवायला कोणाला खोटंही बोलावं लागत नाही.

हिशेब करून बघा, अवघड नाही. एकरी ४ टन म्हणजे हेक्टरी साधारण १० टन कोरडा गाळ. कॅडमियम आपल्या मर्यादेत, बरोबर ५ मिलिग्रॅम असेल, तर वर्षाला हेक्टरी ५० ग्रॅम कॅडमियम. वरची वीतभर माती सुमारे २० लाख किलो. म्हणजे मातीत दर वर्षी किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅमची भर. वीस वर्षांत अर्धा मिलिग्रॅम. तेही सगळं नियमात राहून. हाच गाळ अमेरिकी ३९ च्या मापाने घेतला तर वर्षाला ३९० ग्रॅम. युरोपच्या १९८६ च्या निर्देशात दहा वर्षांच्या सरासरीने वर्षाला हेक्टरी १५० ग्रॅमच्या वर परवानगी नाही. धातू जमिनीतून निघत नाही, म्हणून प्रश्न ‘आजच्या ट्रॉलीत किती’ एवढाच कधी नसतो. ‘या गटात आजवर किती गेलं’ हा असतो. कोणत्या गटात, किती टन, कोणत्या साली, याची नोंदवही किती पालिकांकडे आहे? ती मागितली की वजनकाट्याच्या पावत्या दाखवतात. पावतीवर ट्रकचा नंबर असतो, शेताचा नसतो.

शेत कोणतं, यावर तर सगळं अवलंबून आहे. आमच्या देशावरच्या काळ्या जमिनीचा सामू जास्त, चुनखडीही. तिथे कॅडमियम बरंच बांधलं जातं. कोकणच्या जांभ्या मातीत आम्लता असते, तिथे तेच कॅडमियम सुटं होऊन मुळांत चढतं, आणि पालेभाजीत व भातात ते चढायला वेळ लागत नाही. एकच गाळ दौंडला आणि दापोलीला सारखा नसतो. तरीही अहवालात जमिनीचा उल्लेख नसतो. जणू खत हवेत टाकायचं आहे.

नाक मुरडणाऱ्या शहरी सज्जनांनाही सोडत नाही. ‘शी, मैल्याचं खत!’ म्हणणाऱ्यांच्या ताटातली मेथी कित्येकदा नाल्याच्या कच्च्या पाण्यावर वाढलेली असते, आणि त्याबद्दल ते कधी हूं की चूं करत नाहीत. मैला घाण नाही. तुम्ही बेसिनमध्ये ओतलेला उरलेला रंग आणि तुमच्या शेजारच्या गाळ्यातलं निकेल ही घाण आहे.

तेव्हा पुढच्या निविदेत काय लिहायचं ते सांगतो, साहेबांनी उतरवून घ्यावं. नमुना ठेकेदार घेणार नाही. कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी खात्याचा माणूस घेईल. आकडे कोरड्या वजनावर, प्रत्येक आकड्यासमोर पद्धत आणि यंत्राची शोधमर्यादा. जंताची अंडी मोजायची. मर्यादा एकच, आपली. आणि ती ओलांडली तर तो गाळ शेतात नाही, मग अमेरिका काहीही म्हणो. गट नंबरवार नोंदवही, शेताच्या मातीचा सामू आणि धातू गाळ टाकण्याआधी एकदा. ट्रॉलीबरोबर मराठीत एक पान, त्यावर सही अभियंत्याची, नावासकट. आणि शेवटचं कलम: पुढे कधीही त्या शेतात मर्यादेपेक्षा जास्त धातू निघाला, तर माती उचलण्याचा आणि पडीक राहिलेल्या हंगामांचा खर्च पालिका देईल. मेनने आपल्या शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी उभारला तो दानधर्म म्हणून नाही. गाळाला परवानगी सरकारनेच दिली होती. हे कलम ज्या दिवशी निविदेत जाईल, त्या दिवशी बाटली कुठून भरली हे विचारायला आयुक्त स्वतः वाळवणावर येतील.